विजेच्या बिलाच्या पाठीवर

ऑक्टोबरच्या बिलाची पाठ कोरी होती,
तिच्यावर चार चौकोन आखले.
गुरुवारी जव्हार, शुक्रवारी दाभोसा, अडतीस किलोमीटर,
शनिवारी पाय नेतील तिथे,
रविवारी रात्री परत पाचपाखाडी,
कारण सोमवारी ऋजुताचा फिजिक्सचा पेपर.

"तू जन्मलीस तेव्हा जव्हार आपल्याच जिल्ह्यात होतं," मी म्हणालो.
"मग?"
एका कानातलं बोंडूक काढून ती एवढंच म्हणाली.
त्या "मग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी गुरुवारपासून शुक्रवारकडे एक बाण काढला.

वृंदा सायकलवर बसत नाही.
सातवीत असताना कळव्याच्या उतारावर पडली,
हनुवटीखाली अजून खूण आहे.
ती चालणार: टोपी, काठी, दोन बाटल्या पाणी.
आम्ही डोंगराला वळसा घालायचा
आणि जेवायच्या वेळेला तिला गाठायचं.
"म्हणजे मी तुमची वाट बघत बसायचं," पोळी उलटता उलटता ती.
"किंवा आम्ही तुझी."
"बघू."
आमच्याकडे बघू म्हणजे हो.
फक्त हिशेब बाकी असतो.

निषादच्या अटी दोन.
सकाळी पोहे नकोत
आणि "आमच्या वेळी" असं कुणी म्हणायचं नाही.
दोन्ही मान्य करताना मला
दुसरी जास्त जड गेली.

खोपटला फर्नांडिसने त्याची सीट वर घेतली.
मेमध्ये खडूने केलेली खूण
आता चार बोटं खाली राहिली होती.
"अजून वर जाईल का?" निषादने विचारलं.
"दांडीवर रेघ दिसते ना, तिच्यापुढे नाही," फर्नांडिस म्हणाला,
"तिच्यापुढे मग नवी सायकल, बाबांना सांग."
बाबा उगाच हवा तपासत राहिले.

रंगीत तालीम म्हणून रविवारी येऊर.
उपवनच्या पाण्यावर अंधार निवत होता,
कट्ट्यावर कुणी मोठमोठ्याने हसण्याचा व्यायाम करत होतं.
चौकीवरच्या माणसाने मुलांना नुसता हात केला.
मला थांबवून विचारलं,
"साहेब, वरपर्यंत जायचंय?"

पहिलं वळण मी बोलत चढलो.
दुसरं, गप्प.
मग डावा गुडघा बोलायला लागला,
जुन्या कपाटाच्या दारासारखा, एकच शब्द, परत परत.
मुलांच्या मागच्या लाल दिव्या
झाडांत शिरल्या, बाहेर आल्या,
शिरल्या.

तिसऱ्या वळणावर सायकल उलटी करून
ऋजुता उकिडवी बसली होती.
"चेन उतरली, बाबा. दोन मिनिटं लागतील."
मी कठड्यावर बसलो, श्वासाला श्वास सापडेना.
निषाद एका वारुळाकडे बघत होता,
ज्याने आजवर जमिनीवरचा टॉवेलही कधी पाहिला नाही.
"पाणी घे," ती मान वर न करता म्हणाली.
मी पाणी घेतलं.
खाली ठाण्यातले दिवे एकेक करून विझत होते,
कुठल्याशा टॉवरच्या टोकावर तेवढं ऊन.

"बसली का?"
"बसेल. एक मिनिट."
तिची बोटं चाकाजवळ हलत होती,
फिकट निळं नेलपेंट,
आणि वंगणाचा एक टिपूससुद्धा नाही.
चेन दातांवर जिथल्या तिथे,
मी काल लावलेल्या तेलाने चकाकत होती.

मी काही बोललो नाही.
घाम पुसायला रुमाल काढला
आणि जरा जास्त वेळ पुसला.

घरी येऊन बिल उलटं केलं.
शुक्रवारचे अडतीस खोडून चोवीस लिहिले.
कुणी कारण विचारलं नाही,
निषादने तर मला पेन आणून दिलं.
सामानाच्या यादीत, पंप, पॅच, पाना,
या तिन्हींपुढे माझं नाव होतं.
त्याखाली लिहिलं:
चेन – ऋजुता.
तिने वाचलं, बोंडूक पुन्हा कानात घातलं,
कान मात्र लाल झालेला दिसला.

वृंदाने कागद उचलला, पुढची बाजू वाचली.
"हे भरलंयस ना पण?"

शेवटची तारीख
कालची होती.